उलार गाडी

कंदील बारीक करा रे, डोळ्यांवर येतोय. ही आमच्या काशीरामकाकाची गोष्ट. काका बैलगाडी हाकायचा, आणि खोटं बोलायला लागते तेवढी हुशारी त्याच्यापाशी नव्हती.

सन चौतीस, पौष अमावास्येची रात्र. रत्नागिरी बंदरावर उतरलेल्या रावजीला पालीला पोचवायचं होतं. रावजी मुंबईत एका साहेबाकडे नोकर. साहेब विलायतेला परतला, जाताना त्याला फोनो आणि एक तबकडी देऊन गेला. रावजीची बायको तुळसा दिवाळीत वारली होती. त्याला शेवटचं तोंडही बघायला मिळालं नव्हतं. माणूस पार सुन्न. वाटेत बोलला ते फक्त त्या तबकडीबद्दल.

ग्लुक नावाच्या कुणा जर्मनाने पावणेदोनशे वर्षांपूर्वी ग्रीकांच्या पुराणातली एक कथा गाण्यांत बसवली होती. एक गवई मेलेल्या बायकोला आणायला पाताळात जातो. गाणं ऐकून तिथले देव तिला सोडतात, पण वर येईपर्यंत तिच्याकडे बघायचं नाही. तो बघतो, ती पुन्हा मरते.

"पन ग्लुकान शेवट बदलला," रावजी म्हणाला. "त्येच्या खेळात ती परत येते."

पालीच्या अलीकडे मसणवट लागली. तुळसाला तिथेच जाळलं होतं. रावजीने गाडी उभी करवली, फोनोला किल्ली दिली, तबकडी लावली. परक्या भाषेतलं रडवेलं गाणं. ते संपलं... आणि गाडी मागून दबली. बैलांच्या मानेवरचं जू वर उचललं गेलं.

"हाक," रावजी म्हणाला. "मागं बगू नुको."

काकाने हाकली.

मागून बाईचा आवाज आला. "अवो... माज्याकडं बगा तरी."

रावजी काकाच्या पाठीशी बसलेला. नजर समोर.

"अवो..."

रावजीने फोनो पोटाशी धरला.

पालीतले दिवे दिसू लागले. जू आणखी चढलं. बैलांचे गळे आवळले, ते घुसमटले. आणि जन्मभराच्या सवयीने काकाच्या तोंडून निघून गेलं, "मागचं मानूस फुडं सरका! गाडी उलार झालीय!"

ती पुढे सरकली.

जू खाली बसलं.

काकाने मान वळवली नाही. रावजीला वळवायची गरजच नव्हती. ती त्याच्या समोर आली होती.

"बगितली रे..." रावजी म्हणाला.

मग गाडी हलकी झाली.

रावजी पुढे पुष्कळ जगला. जेवायचा, झोपायचा, पण बोलला नाही. काकाला साधी शिवीही दिली नाही, आणि काकाला तेच जन्मभर खुपलं.

सकाळी जनीकाकीने काकाची बंडी धुवायला घेतली. पाठीवर राखेचा पंजा उमटला होता. बाईचा. चालत्या गाडीत पुढे सरकताना माणूस हाकणाऱ्याच्या पाठीला हात टेकतो ना... तसा. काकीने पुष्कळ घासला.

गेला नाही.