डिकीतला सुका मासा

प्यो ओकबुन आजींनी नोटीस टेबलावर ठेवली.

"वाचा," त्या म्हणाल्या. "अडुसष्टाव्या वर्षी खुनी ठरले मी."

कोरियातल्या कुनसानच्या बंदराजवळ, केशकर्तनालयाच्या वरच्या मजल्यावर सोक मिरानची खाजगी तपासाची कचेरी होती. वीस वर्षं विमा कंपनीसाठी अपघातांची शहानिशा केल्यावर तिनं ही पाटी लावली होती. सोबतीला निवृत्त हवालदार कू ग्वांगपिल. पोट पुढे, बुद्धी जरा मागून येणारी, पण माणूस लाख मोलाचा.

मिराननं नोटीस वाचली. आजींनी आपली जुनी पांढरी व्हॅन पादो मोटर्सला देऊन बदल्यात दुसरी घेतली होती. आता पादो मोटर्सचं म्हणणं असं, की आजींनी अपघात लपवून गाडी गळ्यात मारली, सबब सौदा रद्द. पण खरी कुऱ्हाड शेवटच्या दोन ओळींत होती. गाडीचा काढून टाकलेला फुटका दिवा पोलिसांना गॅरेजच्या भंगारात सापडला होता, आणि त्याचे उरलेले तुकडे मेंग आजोबांच्या प्रेताजवळ मिळाले होते.

"पुठ्ठे गोळा करणारे मेंग?" ग्वांगपिलनं विचारलं.

"तेच हो! एकट्या राहणाऱ्या तीस म्हाताऱ्यांना मी रोज डबे पोचवते, त्यातले ते एक. बुधवारी पहाटे त्यांना कुणीतरी उडवलं. दोन तास थंडीत पडून होते बिचारे. वेळेवर दवाखान्यात आणलं असतं तर जगले असते, असं डॉक्टर म्हणाले. आणि मी त्यांना मारलं म्हणे!"

आजींना हुंदका आवरेना. ग्वांगपिलनं गडबडून समोरची बशी पुढे सरकवली. खालच्या न्हाव्यानं नवी खुर्ची आणली म्हणून सकाळीच गोसा-पूजा घातली होती. तिच्या प्रसादाच्या, लाल चवळी लावलेल्या तांदळाच्या वड्या होत्या त्या.

आजींनी बशी बोटानं परत लोटली. "नको हो. मी चर्चची ज्येष्ठ सेविका. पूजेचं काहीएक आम्हाला चालत नाही. चाळीस वर्षांत शिवले नाहीये."

"बरं, गाडी तुम्ही दिली कधी?" मिराननं विचारलं.

"मंगळवारी संध्याकाळी. सगळे डबे, खोकी काढून व्हॅन अगदी रिकामी करून दिली. दुकान बंद झालं होतं, म्हणून मालकांनी आधी सांगितल्याप्रमाणे किल्ली दाराच्या पेटीत टाकली आणि चालत घरी आले. बुधवारी त्यांची साप्ताहिक सुट्टी. गुरुवारी कागद झाले, नवी गाडी मिळाली. आता ते म्हणतात, तुम्ही गाडी बुधवारी रात्री आणून टाकली असणार!"

"बुधवारी पहाटे तुम्ही कुठे होता?"

"पहाटेच्या प्रार्थनेला, पायी. पण दिवे मालवून, डोळे मिटून प्रार्थना चालते. कोण कुणाला बघतंय? शेजारी आमच्या चर्चचे डीकन योम बसतात, त्यांनी पाहिलं असतं. अकरा वर्षांत कधी चुकले नाहीत, आणि नेमके त्या दिवशी आले नाहीत. माझं नशीब, दुसरं काय!"

आजींचं लायसन गेलं तर तीस म्हाताऱ्यांचे डबे बंद होणार होते, आणि तुरुंग वेगळाच. मिराननं कोट उचलला.

पादो मोटर्सच्या आवारात व्हॅनला पोलिसांची फीत गुंडाळलेली होती. इन्स्पेक्टर ग्योन तिथेच होता. मिरानची आणि त्याची जुनी ओळख, म्हणून त्यानं डिकी उघडून दाखवली.

"म्हातारीच्या मनात पाप होतं, हे बघा," तो म्हणाला.

रिकाम्या डिकीच्या कोपऱ्यात पांढऱ्या दोऱ्यात गुंडाळलेला सुका बुगो मासा होता. मधोमध चिरून सपाट केलेला, मुंडकं उडवलेला, सूप करायला घेतात तसा. गाडीवरचं अरिष्ट टळावं म्हणून लोक पूजा करून मासा ठेवतात, ताकासारखी पांढरी तांदळाची दारू चाकांवर ओततात. पुढच्या चाकावर तिचे वाळलेले ओघळही होते.

"माणूस उडवला, मग घाबरून गाडीची शांत केली," ग्योन म्हणाला.

"सरळच आहे की!" ग्वांगपिलनं मान डोलावली. मिराननं त्याच्याकडे असं पाहिलं, की त्यानं मान पुन्हा जागेवर आणली.

मालक वू चुनसिक काचेच्या दालनात बसले होते. दाराच्या चौकटीवर भला मोठा बुगो टांगलेला होता. तोंड वासलेला, डोळे वटारलेला.

"मंगळवारी संध्याकाळी मी घरी, नातवाच्या वाढदिवसाला. बुधवारी माझ्या गाडीनं सासुरवाडीला. गुरुवारी आलो तर व्हॅन आवारात उभी, दिवा फुटलेला. मला काय स्वप्न पडणार?"

"कॅमेरा?"

"आठ दिवसांनी आपोआप पुसला जातो. पोलीस दहाव्या दिवशी आले. माझी चूक आहे का ती?"

"पेटीच्या किल्ल्या कुणाकडे असतात?"

"माझ्याकडे, सेल्समन योमकडे आणि मेकॅनिक मानबोककडे. पण बाई, चोर सोडून संन्याशाला कशाला पकडताय?"

मेकॅनिक चे मानबोक गाडीखालून बाहेर आला तो तेलानं माखलेलाच. त्याच्या टोइंगच्या ट्रकमध्ये आरशाखाली तसाच एक बुगो टक लावून बघत होता.

"छान आहे हो मासा," मिरान म्हणाली.

"छान कसला, कामाचा आहे! याला पापण्या नाहीत ना, कधी डोळे मिटत नाही. मी झोपलो तरी हा जागा. असा पहारेकरी पगार देऊनसुद्धा मिळत नाही."

"दिवा तुम्ही बदललात?"

"गुरुवारी सकाळी. फुटलेला दिसला, बदलला, जुना भंगारात. बुधवारी मी दिवसभर ट्रक घेऊन मासे पकडायला. एक लागला नाही. आणि आता मला जाऊ द्या. योमसाहेबांची गाडी पंधरा दिवस माझ्या उरावर बसली आहे, तिचा सुटा भाग काही येत नाही."

योम गिसोप चाळिशीचा, नीटनेटका, हळू बोलणारा. त्यानं आधी आजींची विचारपूस केली.

"आमच्याच चर्चच्या आहेत त्या. हा सौदाही माझ्यामार्फतच झाला. त्यांनी असं काही केलं असेल, मला अजून खरं वाटत नाही. रविवारी मेंग आजोबांसाठी प्रार्थना मीच सांगितली. आजींच्या खांद्यावर हात ठेवून. त्या फार रडल्या."

बाहेर येताच ग्वांगपिल म्हणाला, "योमला सोडून द्या मॅडम. चर्चचा माणूस माशाला दोरा कशाला बांधेल? आजींनाही तोच न्याय. उरले मालक आणि मानबोक. दोघांकडे मासे टांगलेत. ट्रकवाला मानबोकच!"

"अर्धं बरोबर आहे, कू काका. तुमच्यासाठी हा विक्रमच म्हणायला हवा."

दुसऱ्या दिवशी सकाळी मिराननं सगळ्यांना काचेच्या दालनात बसवलं. आजी दाराजवळच्या खुर्चीत होत्या, पर्स छातीशी धरून.

"पहिला प्रश्न," ती म्हणाली, "डिकीत मासा कुणी ठेवला? आजींनी नाही. ज्या बाई न्हाव्याच्या पूजेचा प्रसादसुद्धा खात नाहीत, त्या चाकांवर दारू ओततील? म्हणजे मासा आला तो गाडी त्यांच्या हातून गेल्यावर. आता, विकायला ठेवलेल्या गाडीची शांत कोण करतो? कोणीच नाही. शांत तोच करतो, ज्यानं ती चालवली आणि जो घाबरला. तेव्हा आजी खरं सांगतात. मंगळवारी रात्री किल्ली पेटीतच होती. ती इथल्याच कुणीतरी काढली."

मालक वू ताडकन उठले. "माझ्यावर येताय का?"

"बसा मालक. दारावरच्या तुमच्या माशाला मुंडकं आहे?"

"आहे म्हणजे! डोळे नसतील तर तो राखण काय करणार, कपाळ?"

"मानबोककाका, तुमच्या?"

"बिनमुंडक्याचा कोण टांगेल? तो सुपात टाकायचा!"

"तेच तर. डिकीतला मासा सुपातला होता. आयुष्यात ज्यानं एकदाही ही पूजा केली असेल, त्याच्याकडून ही चूक होणार नाही. हा मासा अशा माणसानं ठेवला, ज्यानं हे सगळं फक्त लांबून पाहिलं होतं. लहानपणापासून ज्याला सांगितलं गेलं, की तिकडे बघूसुद्धा नको."

ग्वांगपिलचं तोंड दारावरच्या माशासारखं उघडं राहिलं.

"मालकांकडे गाडी आहे, काकांकडे ट्रक. पंधरा दिवस गाडीविना एकच माणूस होता. अकरा वर्षांत पहाटेची प्रार्थना कधी न चुकवणारा तो माणूस त्या बुधवारी मात्र चर्चमध्ये पोचला नाही. इन्स्पेक्टरसाहेब, पहाटे उघडणारी सुक्या मासळीची दुकानं बाजारात दोनच आहेत. त्यांचे कॅमेरे बघून घ्या."

"नको," योम गिसोप म्हणाला.

त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "प्रार्थनेलाच निघालो होतो. सहा किलोमीटर आहे, म्हणून रात्री व्हॅन नेली. उजाडलं नव्हतं. ते पुठ्ठ्यांची गाडी ओढत अचानक समोर... मी उतरलो. श्वास चालू होता. आणि मी पळालो."

"आणि मासा?" ग्योननं विचारलं.

"चर्चच्या दारापर्यंत गेलो होतो हो. आत पाऊल टाकवेना. देवाला काय तोंड दाखवणार होतो? मग बाजारात गेलो. म्हटलं, जो देव मला ओळखत नाही, त्याच्यापुढे तरी..."

मानबोकनं हातातलं फडकं नुसतं चुरगाळलं.

ओकबुन आजी उठल्या. त्या ओरडतील असं सगळ्यांना वाटलं. त्या योमसमोर जाऊन उभ्या राहिल्या. रविवारी धीर द्यायला त्यांच्या खांद्यावर ठेवलेला हात त्यानं आता मांडीखाली दडवला.

"गिसोप," त्या म्हणाल्या, "मी मंगळवारीच सगळे डबे काढले होते रे. व्हॅन रिकामी होती. एक माणूस आडवा मावेल एवढी जागा होती मागे."