पाणरेघ

कुल्याश शिडीवरून उतरली, दोन पावलं मागे सरली आणि कमरेवर हात ठेवून होडीकडे बघत राहिली. झकास! टोकाला निळे मासे, काठानं मेंढ्याच्या शिंगांची नक्षी, आणि मधोमध वडिलांच्या हातचा पांढरा हंस. इतकी वर्षं पोत्यांखाली पडून होती ती होडी, पण पुसल्यावर रंग असा खुलला की कालच दिलाय म्हणावं.

अरालच्या बंद पडलेल्या मासळी कारखान्यात प्रदर्शन लागत होतं. दारावर मोठ्या अक्षरांत 'आमच्या बंदराची कला'. बंदर सोडून समुद्र गेला त्याला जमाना लोटला होता. क्रेन तेवढ्या वाळूवर माना काढून उभ्या होत्या आणि त्यांच्या सावलीत उंट बसत. पण अरालच्या माणसाला विचारा, तो अजूनही बंदराचाच असतो.

गावचं छोटंसं संग्रहालय कुल्याशनं पोटच्या पोरासारखं सांभाळलं होतं. आता प्रांताच्या समितीनं साफ सांगितलं होतं, प्रदर्शन उठून दिसलं तर वस्तू गावात राहतील, नाहीतर सगळं ट्रकमध्ये भरून शहरात. जाळी, कोळ्यांची चित्रं, कोरीव वल्ही आणि ही होडीसुद्धा. वडिलांची होडी कुठल्यातरी तळघरात सडणार, या विचारानं ती रात्री उठून बसे.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी समितीचे येर्मुखान साहेब पाहणीला आले. सगळ्याला मान डोलवत आले आणि नेमके होडीपाशी थबकले.

"आपा, ही अर्धवट का?"

"अर्धवट कुठाय साहेब?"

"भिंतीवरच्या त्या जुन्या फोटोंतल्या होड्यांना पोटावर लाल रेघ आहे. हिला नाही. पहिल्याच दालनात अपुरी वस्तू? बरं दिसत नाही."

ते गेले. कुल्याश तिथंच चडफडत उभी राहिली. साहेबाला काय कळणार! अरालमध्ये नवी होडी आधी पाण्यात सोडत. पाणी जिथवर लाकूड भिजवी, तिथं रंगारी लाल रेघ ओढी. खूण समुद्रानं करायची, माणसानं ती फक्त गिरवायची. वडिलांनी होडी पुरी केली तेव्हा समुद्र नजरेपार गेला होता. रेघ राहिली ती राहिलीच.

तिनं लाल रंगाचा डबा उघडला.

"अगं ए! पाण्याला विचारलंस का?" मागून सागिदुल्ला आजोबा ओरडले. वडिलांचे जोडीदार रंगारी, आणि आपल्यासारखा हात अख्ख्या किनाऱ्यावर नव्हता हे दिवसातून एकदा तरी ऐकवल्याशिवाय त्यांना जेवण जात नसे.

"पाणी कुठाय विचारायला? पत्ता द्या, जाऊन येते."

"थट्टा नको. तुझा बाप असता तर ब्रश हिसकावून घेतला असता."

"बाप असता तर होडी शहरात जाऊ दिली असती का?"

म्हाताऱ्यानं दाढी खाजवत होडीभोवती एक चक्कर मारली. मग कुरकुरला, "ओढतेसच, तर वर ओढ. जड आहे ही, पाण्यात खोल बसणार. बापानं लाकडात हात आखडला नव्हता."

होडी लाकडी घोड्यांवर चढवलेली होती. कुल्याशनं बरोबर आपल्या छातीच्या उंचीवर रेघ ओढली. हात जराही हलला नाही.

सकाळी येऊन पाहते तर रेघ ओली. अरालची हवा अशी की रंग ब्रशवरच सुकावा, आणि ही ओली! तिनं बोट फिरवलं. बोटाला लाल लागलं नाही, नुसतं पाणी लागलं. उगीचच जिभेला लावलं. खारट.

रंगच भेसळीचा, असं म्हणून तिनं फडकं घेतलं. रेघेखालचं लाकूड काळपटलं होतं. पुसता पुसता तिची नजर भिंतीवर गेली. भिंतीवरही ओल होती, त्याच उंचीपर्यंत. जाळ्यांवर, चित्रांच्या चौकटींवर, थेट पलीकडच्या दारापर्यंत सगळीकडे एकाच पातळीत. फरशी मात्र कोरडी ठणठणीत.

सागिदुल्ला आजोबा दारातच थांबले. नाक फुलवून त्यांनी हवा ओढली आणि त्यांचे डोळे भरून आले.

"आला," ते म्हणाले.

"कोण आला?"

"मी काही बोलत नाही बाई." आत मात्र ते आले नाहीत.

आता रद्द करायला उशीर झाला होता. बाहेर थंडीत अख्खं गाव जमलं होतं, कढईत बाउरसाक तळले जात होते, येर्मुखान साहेबांनी फीत कापली. बालवाडीच्या पोरांनी गाणं म्हटलं. त्यांच्यात कुल्याशची नात तोग्झान, सगळ्यात मोठा आवाज तिचा. गाणं संपलं तशी पोरं सगळ्यांच्या आधी आत पळाली.

मग मोठी माणसं शिरली, आणि शिरताच त्यांची चाल मंदावली. म्हाताऱ्या बायकांनी नकळत झगे गुडघ्यावर उचलून धरले. जुने कोळी हातांनी काहीतरी बाजूला सारत, पाय ओढत चालू लागले.

बाहेर आले ते छातीपर्यंत चिंब होऊन.

एक कोळी ओल्या बाहीत तोंड खुपसून हुंदके देत होता. दुसरा त्याच्या पाठीवर थापा मारत हसत होता. "अरे, आपलाच आहे तो! वास बघ, वास!"

येर्मुखान साहेब बाहेर आले. टायचं टोक ठिबकत होतं. त्यांनी ते मुठीत धरून पिळलं.

"आपा," ते शेवटी म्हणाले, "इथला एक खिळासुद्धा हलणार नाही. माझा शब्द."

काय आरोळी उठली म्हणता! टोप्या उडाल्या, दोंब्रा वाजू लागला, बायकांनी कुल्याशवर मूठमूठ गोड गोळ्या उधळल्या. ती हसत होती, रडत होती. जिंकलो बाबा, जिंकलो, एवढंच तिच्या तोंडातून निघत होतं.

"वर ओढ असं मीच सांगितलं होतं!" सागिदुल्ला आजोबा दिसेल त्याला सांगत सुटले.

तेवढ्यात बालवाडीची पोरं बाहेर आली. सगळ्यांच्या शेवटी.

पोरांच्या केसांतून पाणी निथळत होतं.

कुल्याशनं धावत जाऊन तोग्झानला शालीत गुंडाळलं. "आयनालायिन, माझं सोनं! इतका वेळ काय करत होतीस गं आत?"

"खाली बसलो होतो सगळे," नात खुशीत म्हणाली. "वर बघितलं की होडीचं पोट दिसतं, आजी. डुलतंय."

"पोरांनो, पुन्हा म्हणा ते गाणं!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं. पोरं ओळीनं उभी राहिली. सारं गाव त्यांच्याबरोबर गाऊ लागलं.

थंडी कडाक्याची होती. गाणाऱ्या गावकऱ्यांच्या तोंडातून पांढरी वाफ निघत होती.

पोरांनी मोठ्ठा आ केला होता. कुल्याश त्यांच्या तोंडांकडे बघत राहिली. वाफ एकाच्याही तोंडातून निघत नव्हती.