पेडलवरचा पाय

न्हावऱ्यात रस्त्याला लागून माझं गॅरेज आहे. पुढं पत्र्याची शेड, मागं घर. तीस वर्षं पिकअप आणि टेम्पोच्या खाली पाठीवर पडून काढली. त्यामुळं नीलमनं जुनी पिकअप आणून उभी केली, तेव्हा मला त्यात विशेष असं काही वाटलं नाही.

नीलम गावातलीच. पहाटे चार वस्त्यांवरचं दूध गोळा करून शिरूरला पोचवायची. गाडी तिनं भांडगावच्या एका शेतकऱ्याकडून घेतली होती.

"मामा, चालता चालता कुणीतरी मागं वढल्यागत व्हतंय," ती म्हणाली. "आन् चाकातनं जळका वास येतोय."

जुन्या गाडीचं हे नेहमीचं दुखणं. पाय काढला तरी ब्रेक सुटत नाही. चाकाच्या ड्रमला बोट लावलं तर चटका बसला. आतले सिलिंडर गंजून अडकले होते, स्प्रिंगांत दम राहिला नव्हता. सगळं नवं टाकलं, हँडब्रेकची केबल मोकळी केली. गाडी एका हातानं ढकलली तर गुमान पुढं गेली.

चौथ्या दिवशी गाडी परत दारात. वाटेत अडून दूध नासलं होतं. दोन वस्त्यांनी आता दुसरा माणूस बघतो म्हणून सांगितलं होतं.

"सामान नवंच टाकलं व्हतं न्हवं, मामा?" तिनं माझ्याकडं न बघता विचारलं.

मला ते लागलं. "तूच पेडलवर पाय ठिवून चालवत आसशील."

"माझा पाय खाली फळीवर असतो."

मी तिच्याकडं पाहिलं, तिनं माझ्याकडं. दोघांनाही समोरचं माणूस खोटं बोलतंय असं वाटत होतं.

पुन्हा सगळं उघडलं. पेडलमागचा मोठा सिलिंडर बदलला, ब्रेकचं ऑइल बदललं. आता नळीतली हवा काढायची राहिली. ते दोघांचं काम. एकानं वर बसून पेडल दाबून धरायचं, दुसऱ्यानं चाकापाशी नट ढिला करून हवा सोडायची. मी नीलमला वर बसायला सांगितलं आणि चारी चाकं जॅकवर उचलून मागच्या डाव्या चाकाखाली शिरलो.

दुपारचे दोन असतील. लाईट गेली होती. पंखा बंद, पत्रा तापून मधूनच कट्‌ कट्‌ वाजत होता. बाकी शांत.

"दाब," मी म्हणालो.

पेडल खाली गेल्याचा आवाज आला. नट सोडला, फेस आला. आवळला.

"सोड."

पेडल वर आलं.

एरवी वरचा माणूस 'दाबलं', 'सोडलं' म्हणतो. नीलम काही बोलत नव्हती. रागात असेल, असं मला वाटलं. मीही दुसरं काही बोललो नाही. गाडीखालूनच सरकत एकामागून एक चाकं झाली. पाय मात्र पक्का होता, हे मला मानावं लागलं. दाब म्हटलं की दाब, जराही कमीजास्त नाही.

शेवटच्या चाकातनं चोख ऑइल आलं. नट आवळला.

"सोड आता. झालं."

पेडल वर आलं नाही.

मी चाक फिरवून पाहिलं. घट्ट धरलेलं.

"सोड म्हणतोय ना, नीलम..."

"कुणाशी बोलताय, मामा?"

आवाज मागनं आला, घराच्या दारातनं. मी मान वळवली. नीलम उंबऱ्यात उभी होती, हातात चहाचा कप. तिच्या मागं माझी बायको चांदबी.

"तू... कवा उतरलीस?"

"तुम्ही खाली शिरला तवाच. मामींनी हाक मारली. तुम्हाला सांगितलं की मी."

माझ्या हाताखालचं चाक आपोआप मोकळं झालं. वर पेडल सावकाश उठल्याचा आवाज आला. मी बाहेर येऊन केबिनमध्ये वाकून पाहिलं. दार उघडं, सीट रिकामी. आत मात्र घामाचा वास होता, ओल्या सदऱ्याचा.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघं तीच गाडी घेऊन भांडगावला गेलो. पारगावच्या पुलावर दोनदा ब्रेक आपसूक लागला. मी नीलमच्या पायाकडंच बघत होतो. पाय खाली फळीवर होता.

ज्ञानदेव, गाडीचा आधीचा मालक, अंगणातच भेटला. गाडी दिसताच तो जागेवर थांबला.

"गाडी कुठं ठोकली व्हती, खरं सांगा," मी म्हणालो.

"ठोकली न्हाई. उसात शिरून थांबली." तो खाली बघत बोलला. "माझा धाकटा भाऊ चालवत व्हता, साई. ब्रेक लागत न्हाई, दोन्ही पाय ठिवून दाबावा लागतो म्हणून महिनाभर सांगत व्हता. मी म्हणलं, कांदा निघू दे, मग बघू." त्यानं डोक्यावरची टोपी काढली. "उतारावर गाडी थांबंना, तवा दारातनं बाहेर पडला... चाक वरनं गेलं."

नीलमनं मागं वळून गाडीच्या चाकाकडं पाहिलं.

"आता ब्रेक चांगला हाय का?" ज्ञानदेवानं विचारलं.

"नवा हाय. म्या सोता केलाय."

तो हळूहळू गाडीपर्यंत आला. रिकाम्या केबिनमध्ये वाकून म्हणाला, "साई, झालं रं काम. चुकलं माझं... आता उतर." आणि दाराला डोकं टेकून रडायला लागला.

परतीच्या वाटेवर ब्रेक एकदाही आपसूक लागला नाही. दोन महिने झाले, दूध वेळेवर जातंय, सुटलेल्या वस्त्यांपैकी एक परत आली. नीलमनं माझ्यावर घेतलेला संशय हसत हसत मागं घेतला. मीही माझा घेतला.

परवा संध्याकाळी तिनं सर्व्हिसिंगला गाडी ठेवली. पेडलचं रबर गुळगुळीत झालं होतं म्हणून मी नवं बसवलं, शेडला कुलूप घातलं आणि किल्ली उशाशी ठेवली.

सकाळी दार उघडलं, तर नव्या रबरावर बोटांच्या खोल खुणा होत्या. अनवाणी. उजव्या पायाच्या, आणि त्यांच्यावर चढलेल्या डाव्या पायाच्या.