घाटावरचे निशाणे, घाटाखालचे निशाणे

बुलढाण्याच्या कचेरीत चपराशानं दारातून मान बाहेर काढली आणि हाक मारली, "निशाणे!"

बाकाच्या या टोकावरून वेणू उठली आणि त्या टोकावरून एक तरणा पोरगा उठला. दोघं एकमेकांकडे बघतच राहिली, कारण घरच्यांखेरीज निशाणे आडनावाचं माणूस दोघांनीही जन्मात पाहिलं नव्हतं.

"निशाणे मी हाये," वेणू म्हणाली.

"मी बी लहानपणापासून हाये," तो म्हणाला.

वेणू उंद्रीच्या शाळेत मास्तरीण. ट्रेनिंगला जायचं म्हणून तिला जन्मतारखेची नक्कल हवी होती. त्याला तीच नक्कल ग्रामसेवकाच्या नोकरीसाठी हवी होती. नाव शालिग्राम, गाव जळगाव जामोद. म्हणजे ही घाटावरची आणि तो घाटाखालचा. नकला घेऊन दोघं बाहेर आली तर पावसाची रिपरिप चालू.

"छत्री एकच हाये," शालिग्राम म्हणाला. "आडनावही एकच. मंग संग चालाले काय हरकत हाये?"

"हरकत एवढीच, का छत्रीले दोन भोकं हायेत," वेणू म्हणाली... आणि छत्रीखाली आली.

महाराष्ट्र होऊन चार-पाच वर्षं झाली होती. गावोगाव ग्रामसेवक नेमले जात होते, आणि नशिबाचा खेळ बघा, शालिग्रामला गाव मिळालं ते नेमकं उंद्री. नशीब कसलं म्हणा... त्यानं ते मागून घेतलं होतं. रोज दुपारी तो शाळेच्या ओसरीवर पाणी प्यायला यायचा. ग्रामपंचायतीत माठ नव्हता असं नाही. पण वेणूच्या हातचा पेला घेताना त्याची बोटं अंमळ रेंगाळायची, आणि वेणूही पेला लगेच सोडायची नाही. वर्षभरात सगळ्या गावाला कळलं ते या दोघांना सर्वांत शेवटी कळलं.

मग जळगावाहून शालिग्रामचे आजोबा, शेषराव, मागणी घालायला आले. वेणूचे वडील उकंडराव यांनी पाहुण्यांचं सगळं रीतसर केलं, पान-सुपारी दिली आणि नाही म्हणून सांगितलं.

"एक आडनाव म्हंजे एक रक्त," ते म्हणाले. "पाटील, देशमुख गावोगाव हायेत. निशाणे किती हायेत? हे पोट्टे भाऊ-बहीण लागतात."

"कोन्या काळचे हो?" शेषरावांनी हसून विचारलं. पण उकंडराव पानाचं तबक आवरायला लागले, आणि म्हातारा तसाच एस्टीत बसून परत गेला.

दुसऱ्या दिवशी वेणूनं पाण्याचा पेला शालिग्रामसमोर धरला आणि सांगून टाकलं, "बाबाचं खरं का खोटं, मी शोधून काढते. मुळापर्यंत जाईन."

"आन् एकच मूळ निघालं तं?"

"राखी पौर्णिमा जवळच हाये."

"मंग मी शोधूच देत नाही," शालिग्राम म्हणाला. पण ती हसली नाही. वेणूनं एकदा पदर खोचला की ती कोणाचं ऐकत नसे, हे त्याला एव्हाना कळून चुकलं होतं.

रविवार आला की दोघं निघायची. उंद्रीचं कोतवाल बुक, म्हणजे जन्म-मृत्यूची गावची वही, बघून झालं, जळगावचं झालं. बुलढाण्याला जमाबंदीची जुनी दप्तरं उघडली. धुळीनं शिंका येऊन येऊन शालिग्रामचं नाक लाल व्हायचं, आणि वेणू त्याच्याकडे न बघता आपला रुमाल पुढे करायची. एकेक पिढी मागे जात वेणूचा वंश मानाजीपाशी थांबला, शालिग्रामचा सयाजीपाशी. दोन्ही नावांपुढे एकच शेरा होता, मूळ राहणार रोहिणखेड.

रोहिणखेडला नारायणराव देशपांड्यांकडे मोडी कागदांची गाठोडी कापडात बांधून ठेवलेली होती. म्हातारबांनी चष्मा पुसला आणि सावकाश वाचून दाखवलं. देशमुखांच्या फौजेत निशाण धरणारा एक शिपाई होता. त्याला दोन पोरं. थोरल्या मानाजीला घाटावर जमीन मिळाली, धाकट्या सयाजीला घाटाखाली.

म्हणजे दोघांचं मूळ एकच निघालं. शालिग्राम कागदाकडे नाही, तिच्याकडे बघत होता.

बाहेर जुन्या मशिदीपाशी एस्टीची वाट बघताना तो हळूच म्हणाला, "वेणू... हा कागद आपण पाह्यलाच नाही. देशपांडे कोणाले सांगाले जात नाहीत."

"म्या पाह्यला," ती म्हणाली. "चोरून संसार नाही करायचा मले. बाबाले मीच सांगणार." आणि मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. "पण राखी नाही बांधणार. ते माह्यानं होत नाही."

तिनं सांगितलंही तसंच, शब्द न लपवता. उकंडराव समाधानानं म्हणाले, "पाह्य, मी म्हणत नव्हतो?" आणि विषय संपला. राखी पौर्णिमा आली नि गेली. वेणू शाळेत जायची, पाढे घ्यायची, घरी यायची. जेवण तिला गोड लागत नव्हतं. एवढा शोध आपणच लावला आणि आपल्याच हातानं दार बंद केलं, या विचारानं ती कुढत होती.

पोळ्याच्या आदल्या दिवशी शालिग्राम ओसरीवर आला. पाच दिवस तो गावात नव्हता. तिनं पेला पुढे केला, पण त्यानं हात मागे घेतले.

"शिवू नको. सुतक हाये मले," तो म्हणाला. "शेषराव आजोबा गेले. सरकारी कामाले सुतक नसते म्हणून आलो."

वेणूचे डोळे भरून आले. हसून रिकाम्या हातानं परत गेलेला तो म्हातारा तिला आठवला. मग ती हातातल्या पेल्याकडे बघत म्हणाली,

"तुले सुतक हाये... मंग मले काऊन नाही?"

शालिग्रामनं झटकन मान वर केली.

"शालिग्राम, तुह्या आजोबाचं नाव घेऊ का बाबापुढं? तुले वाईट वाटत असन तं नाही घेत."

"घे," तो म्हणाला. "त्यायनं सोताच पुढं केलं असतं."

घरी उकंडराव बैलांच्या शिंगांना हिंगूळ लावत बसले होते. उंद्रीच्या पोळ्यात त्यांची जोडी मानाची. तोरणाखाली पहिली तीच उभी राहायची, आणि हा मान त्यांना जिवापेक्षा प्यारा होता.

"बाबा, उद्या जोडी नेता येत नाही," वेणू म्हणाली.

"काऊन?"

"सुतक पडलं. जळगावचे शेषराव निशाणे वारले."

"वाईट झालं," उकंडराव म्हणाले. "भला माणूस होता. पण त्यायचं सुतक आपल्याले कुठून आलं? ना सांगावा, ना येणं-जाणं. आपल्या बापजाद्यानं कधी पाळलं नाही..." आणि त्यांचा हात शिंगावरच थांबला.

"तुमीच म्हणले, एक रक्त हाये. कागदातलं बी म्याच येऊन सांगितलं," वेणू म्हणाली. ती बैलाच्या समोर येऊन उभी राहिली. "रक्त एक असन तं बैल गोठ्यात राहू द्या. मीही पाळते, सगळं पाळते. आन् हे सुतक आपलं नसन... तं ते आपले भाऊबंद नाहीत. दोन्ही नका म्हणू बाबा. माह्या जिवाचा प्रश्न हाये."

स्वयंपाकघरातून तिची माय सोजराबाई बोलली, "उद्या पुरणाची डाळ चुलीवर घालू का नको, तेवढं सांगा म्हंजे झालं."

उकंडरावांनी अर्धवट रंगवलेलं शिंग तसंच सोडलं आणि हात धुऊन ते बाहेर निघून गेले. त्या संध्याकाळी घरात कोणी नीट जेवलं नाही.

सकाळी वेणू अंगण झाडत होती. आतून वडिलांचा आवाज आला, नेहमीसारखाच, थोडा घोगरा.

"डाळ घाल."

तिच्या हातातला खराटा खाली पडला.

दुपारी भुरभुर पावसात जोडी तोरणाखाली उभी राहिली. सुतकातला माणूस म्हणून शालिग्राम गर्दीपासून लांब, निंबाखाली थांबला होता. पोळा फुटला, जोड्या आपापल्या घरी निघाल्या, आणि उकंडराव बैल घेऊन घराकडे न जाता सरळ निंबाकडे गेले.

"सुतक कवा फिटते तुह्यं?"

"पाच दिवस राह्यले."

"फिटलं का ये. घरच्या मोठ्या माणसाले घेऊन ये." उकंडराव जरा थांबले. "तुह्या आजोबाले म्या रिकामं पाठवलं. आता माफी मागाले ते बी नाहीत. ती माफी तुलेच मागतो."

शालिग्रामनं लांबूनच हात जोडले.

बैल पुढे गेले. औक्षणाचं ताट घेतलेली वेणू मागेच राहिली. तिच्या आणि त्याच्यामध्ये चार पावलांचं अंतर होतं, आणि ते अजून पाच दिवस ओलांडता येणार नव्हतं.

"बोलाले सुतक नसते ना?" त्यानं विचारलं. "मंग एक सांग. कागद निघाला तवाच तू बाबाले सांगाले निघाली. मले वाटलं, तू मले सोडलं."

"येडा हायेस तू," वेणू म्हणाली. पावसाचे थेंब तिच्या पापण्यांवर साचले होते, आणि ती ते पुसत नव्हती. "तुह्यासंगच राह्यचं, हे म्या रोहिणखेडले एस्टीची वाट पाहतानीच ठरवलं होतं. फक्त बाबाच्या दारातून, उजळ माथ्यानं निघायचं होतं मले."