संयुक्त गृहभेट

माझ्या अंगणवाडीत माझ्याआधी आरोग्य खात्याचा माणूस काटा टांगून बसला होता. माझं डोकंच फिरलं. धरमतरच्या मिठागरांकडच्या अंगणवाड्यांची मी पर्यवेक्षिका. पोरांची वजनं घ्यायची ती आम्ही.

"तुमच्या खात्याला दुसरं काम नाय?"

"हाय की. पण सगुणाताईंची पोर तुमच्या रजिस्टरात पिवळी, माझ्या काट्यावर लाल... म्हणून थांबलो."

पिवळी म्हणजे मध्यम, लाल म्हणजे तीव्र कुपोषित. लाल म्हटलं की पोरीला चौदा दिवस पेणच्या दवाखान्यात उपचार, आणि मला ऑफिसात जाब. साहेबांनी बजावलंच होतं, आरोग्यवाल्यांचा आकडा मान्य करायचा नाही. दवाखान्यात भरतीच्या अर्जावर सह्या मात्र दोन्ही खात्यांच्या लागत.

"तुमचा काटा खोटा."

"मग तुमच्यावर घेऊ. फक्त... वाळे आणि दुपटं काढून."

मी आमचा काटा टांगला. दर महिन्याला सगुणा म्हणायची, "वाळं नको काढू गो ताय, नजर लागंल," आणि मला पुढच्या गावाची घाई. आज वाळ्याला हात लावला. ओढावा लागेल वाटलं होतं, पण वाळा आपोआप हातात आला. इतका बारीक पाय... मला माझीच लाज वाटली.

काटा दीडशे ग्रॅमनं खाली आला. पोर लालच होती.

मी सही केली. शेजारच्या सहीखाली त्याचं नाव वाचलं — आदेश. त्यानं नुसती पाण्याची बाटली पुढे केली. 'सांगितलं होतं ना' म्हणाला असता, तर मी त्याला जन्मात माफ केलं नसतं.

ऑफिसात मेमो मिळाला. तरी रोज संध्याकाळी दवाखान्यात जात राहिले. तोही यायचा.

"पोरीलाच बघायला येता ना?" एकदा त्यानं विचारलं.

"मग कोणाला?" म्हणाले खरी, पण कान तापले.

पंधराव्या दिवशी सगुणानं वाळे चढवले. या वेळी ते निसटले नाहीत.

दवाखान्याच्या दारात आदेश म्हणाला, "तुमच्या साहेबांचं पत्र वर गेलं होतं. माझी बदली झाली... रोह्याला. आमचंच गाव."

मी पोरीचं दुपटं नीट केलं. "बरं झालं. आता आमचे काटे सुखात."

"एक संयुक्त गृहभेट मात्र बाकी हाय, भाविका मॅडम."

दोन्ही खात्यांनी मिळून एका घरी जायचं — परिपत्रकात होतं, केलं कधी कुणी नव्हतं.

"कोणाच्या घरी?"

"आमच्या. आईला सांगून ठेवलंय."

मी सगुणाच्या पोरीकडे बघत राहिले. त्याच्याकडे बघायचा धीर होईना.

"त्याला दोन सह्या लागतात," मी म्हणाले.

"माझी कधीच झालीय."

"मग... माझीपण धरा."