हाताचं माप

औषधाचं दुकान बंद होतं म्हणून मी शेजारच्या दुकानाच्या पायरीवर उभी राहिले, एवढंच. उजवं मनगट डाव्या हाताने चोळत.

“तिकडचं शटर उघडायला अजून अर्धा तास आहे,” आतून आवाज आला. “तोवर सांगा, रोज किती तास टाइप करता?”

आत छतापर्यंत कीबोर्ड आणि माउसचे खोके, आणि चष्मा कपाळावर चढवलेला दुकानदार. हसला की एकाच गालावर खळी. ती मी लगेच पाहिली, लपवत नाही.

“आठ तास,” मी आत जात म्हटलं. “डॉक्टर बोलतात, मी ऐकून रिपोर्ट टाइप करते. पण महागडं काही परवडणार नाही, आधीच सांगते.”

“मग आहे तोच कीबोर्ड राहू द्या. फक्त त्याच्या मागचे दोन पाय मिटवा, मनगट वर वाकणार नाही. खर्च करायचाच तर उभ्या माउसवर करा. हात मिळवताना पंजा असतो ना, तसा धरायचा. कुठल्याही कंपनीचा चालेल, पण माप चुकलं तर सगळं फुकट… हात बघू.”

काउंटरवर एक लांबलचक खोका आडवा पडला होता. त्याच्यावरूनच त्याने माझा हात हातात घेतला आणि मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत आपल्या बोटांनी मोजला. सावकाश.

“लहान,” तो म्हणाला.

“हात की माउस?”

“दोन्ही… छान आहे. म्हणजे, माप छान आहे.”

घरी ताईने खोका उघडून पाहिला. “दोन तास बाजारात होतीस! डोंगर पोखरून उंदीरच काढलास ना शेवटी?” मी हसले. तिला काय ठाऊक, दीड तास कुठे गेला ते.

आठवडाभरात दुखणं कमी झालं, आणि माझी पंचाईत झाली. आता त्या दुकानात जायचं कशाला? एकदा माउसखाली ठेवायचं पॅड आणलं. एकदा वायर आणली. माझ्या माउसला वायर लागतच नाही.

“ही कशाला?” त्याने विचारलं होतं.

“असू दे. अडीअडचणीला.”

“रोज एक अडचण आली तरी चालेल…” असं तो म्हणाला, आणि मी घरापर्यंत जमिनीला पाय न लावता आले.

मग एका सकाळी मैना हातात तसाच उभा माउस नाचवत आली. मैना म्हणजे माझ्या शेजारच्या टेबलावरची. हे नाव तिला तिच्या बडबडीमुळेच पडलंय. “तू सांगितलेल्या दुकानात गेले गं! काय गोड आहे तो! चक्क हाताचं माप घेतो! माझं मध्यम निघालं.”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे हा त्याचा धंदाच होता तर. येईल तिचा हात धरायचा, खळी पाडायची आणि माउस गळ्यात मारायचा! आणि मी मूर्ख, वायरी विकत घेत फिरत होते. त्या दिवशी मी एका आजोबांच्या रिपोर्टात दोन पित्ताशयं टाइप केली.

संध्याकाळी माउस पिशवीत टाकला आणि परत करायला निघाले. त्याच्या तोंडावर आपटणार होते.

दुकानात एक उंच, लांब नखांची मुलगी उभी होती. “हात बघू,” तो तिला म्हणाला. मी दारातच थांबले. बघवत नव्हतं, आणि नजरही हलत नव्हती.

त्याने काउंटरवरची बिलं बाजूला सारली. “इथे ठेवा.”

खाली एक कागद चिकटवलेला होता, त्यावर सेंटिमीटरच्या रेघा. मुलीने आपला हात आपणच त्यावर ठेवला. तो पेन कानामागे खोचून लांबूनच म्हणाला, “साडेअठरा. मध्यम.” तिच्या नखालासुद्धा त्याने बोट लावलं नाही.

मुलगी गेल्यावर मी पुढे झाले. कागद पिवळा पडला होता, कडा झिजल्या होत्या.

“हा कधीपासून आहे?”

“दुकान उघडलं तेव्हापासून. तीन वर्षं झाली.”

“मैनेचं माप यावरच घेतलंत?”

“कोण, ती बडबडी? तिने अर्धा तास हात उचललाच नाही. मागे रांग लागली होती.”

“मग मला का नाही दिसला?”

त्याने चष्मा काढला, पुसला, परत चढवला. “त्याच्यावर… खोका होता.”

“खोका कोणी ठेवला?”

त्याचे कान लाल झाले. “तुम्ही पायरीवरून आत येईपर्यंत… मीच ठेवला. चुकलंच माझं. पण तुमचा हात कागदाने मोजायचा, हे मला जमणार नव्हतं.” मग त्याचं लक्ष माझ्या पिशवीकडे गेलं. आवाज एकदम उतरला. “परत करायला आलात?”

मी पिशवी खाली ठेवली. तो लांबलचक खोका आता भिंतीशी उभा होता. तो उचलला, कागदावर आडवा ठेवला, एकही रेघ दिसू नये असा सरकवला आणि उजवा हात पुढे केला.

“परत मोजा. मागच्या वेळी फार घाई केलीत.”