माणसाळू नकोस, बुजऱ्या

सोनी शांत होती, धीट होती, आणि तीच मेली. बुजऱ्या तिचाच भाऊ; पान हललं तरी थरथरायचा, आणि तो मात्र जिवंत होता. केतकीला हे कोडं काही केल्या सुटत नव्हतं.

ही दोघं खोकडाची पिल्लं. खोकड म्हणजे आपल्या माळरानावरचा लहानखुरा कोल्हा. अंग राखाडी, पाय काटकुळे आणि शेपटीचं टोक शाईत बुडवून काढल्यासारखं काळं. त्यांची आई रस्त्यावर गाडीखाली सापडली, तेव्हा आत्याआजीने त्यांना आपल्या प्राणी-केंद्रात आणलं. आत्याआजी, म्हणजे केतकीच्या आजोबांची बहीण, डॉक्टर इंदुमती. उभा जन्म तिने माळावरच्या प्राण्यांच्या मागे हिंडण्यात घालवला होता.

तिच्या लहानपणी या माळावर कमरेएवढं गवत असायचं. त्याची कुसळं परकराला अशी चिकटायची, की संध्याकाळी ती वेचता वेचता आईच्या शिव्या खाव्या लागत. आता गवत नव्हतं, कुसळं नव्हती आणि शिव्या घालणारी आईही नव्हती. नजर जाईल तिथवर उन्हापासून वीज बनवणाऱ्या सौरपट्ट्यांच्या काळ्या रांगा होत्या. उन्हाळा होळीच्या आधीच येऊन बसायचा आणि उठायचं नाव घ्यायचा नाही.

सोनीला केतकीनेच वाढवलं होतं. दुधात भाकरी कुस्करून भरवली, केंद्रातल्या म्हाताऱ्या वाघ्या कुत्र्याच्या कुशीत झोपवलं. रोज तिन्हीसांजेला मीठ-मोहरी ओवाळून तिची दृष्टसुद्धा काढली. येणारा-जाणारा कौतुकाने म्हणायचा, "काय माणसाळलीय हो!" केतकीची मान ताठ व्हायची. मग सोनीला माळावर सोडलं. चारच पावलं गेली असेल नसेल, तोच समोरून गावातल्या कुत्र्यांची टोळी आली. सोनी पळाली नाही. शेपटी हलवत त्यांच्याकडे गेली.

पुढचं केतकीने पाहिलं होतं. त्याबद्दल ती कुणाशी बोलत नसे.

"नमुना ताजा आहे," असं म्हणत शेणकिडा खुडखुडत अंगणात आला. शेणकिडा म्हणजे घागरीएवढा यंत्रमानव. माळभर हिंडून प्राण्यांची विष्ठा गोळा करायची आणि पोटातल्या प्रयोगशाळेत तपासायची, हे त्याचं काम. "नमुना बुजऱ्याचा. कॉर्टिसॉल पुन्हा चढलं आहे. कळावे."

"शी! तुझं कळावे!" केतकी चिडली. मग आत्याआजीकडे वळली. "आत्याआजी, त्याने धसका घेतलाय. त्याला शांत व्हायचं औषध दे ना. नाहीतर सोडूच नको त्याला. इथेच राहू दे, माझ्याजवळ."

"औषध देता येईल," आत्याआजी चष्मा पुसत म्हणाली. "पण आधी मला सांग, परवा गोठ्यात नाग निघाला तेव्हा काय झालं तुला?"

"मी कुंपणावरून उडी मारली! कशी मारली, देव जाणे. एरवी मला फाटकसुद्धा चढता येत नाही."

"आणि हातातला वडा?"

"कुठे पडला कुणास ठाऊक. भूकच मेली."

"वडा मिळाला होता," शेणकिडा म्हणाला. "नमुना म्हणून नाकारला."

केतकीला हसू आलं. सोनी गेल्यापासून पहिल्यांदाच.

"ती उडी तू एकटीने मारली नाहीस," आत्याआजी म्हणाली. "डोळ्यांना नाग दिसला. मेंदूने हाळी दिली. आपल्या मूत्रपिंडांवर टोपीसारखी एकेक ग्रंथी (शरीराला लागणारे रस तयार करणारा अवयव) असते. तिने संप्रेरकं (रक्तातून निरोप घेऊन जाणारी रसायनं) सोडली. पहिलं पोचलं ॲड्रेनलिन. त्याने काळीज धडधडवलं आणि पायांत बळ आणलं. मागून आलं कॉर्टिसॉल. ते घरातल्या कारभाऱ्यासारखं. यकृतातली साखर काढा, स्नायूंना द्या! पचन थांबू दे, वाढ थांबू दे, आधी जीव वाचवा! आणि नाग कुठे होता, ते नीट लक्षात ठेवा!"

"म्हणून मी आता गोठ्यात वाकून बघते आधी."

"बघ. आणि आता बरी आहेस ना? कारण धोका टळल्यावर त्याच कॉर्टिसॉलने मेंदूला कळवलं, पुरे. चढलं, तसं उतरलं. ते उतरणंही चढण्याइतकंच महत्त्वाचं, बरं का."

"पण बुजऱ्याचं उतरतच नाही."

 आत्याआजी उठली, वाघ्याच्या गळ्यात साखळी घातली आणि त्याला शेजारच्या मळ्यावर पोचवून आली.

कॉर्टिसॉलचे अवशेष विष्ठेत उतरतात. काल प्राणी घाबरला, ते आजच्या विष्ठेत दिसतं. म्हणून केतकी रोज शेणकिड्याच्या वाटेकडे डोळे लावून बसू लागली. हळूहळू आकडा खाली आला. वाघ्याला परत आणलं, आकडा चढला. पुन्हा नेलं, उतरला.

"म्हणजे तो उगीच घाबरत नव्हता," केतकी सावकाश म्हणाली. "वाघ्या कुत्रा आहे, हे त्याला कळत होतं. आणि सोनीला... सोनीला मी ते कळूच दिलं नाही."

"तू माया केलीस, बाळ. मीही बघत होते आणि कौतुक करत होते. आपल्या भाषेत माणसाळणं हा चांगला शब्द आहे ना, म्हणून फसलो. गाईगुरांसाठी तो चांगलाच आहे. रानातल्या जिवाच्या अंगातली हाळी मात्र तो बंद करून टाकतो."

समोरच्या सौरपट्ट्यांवर ऊन चकाकत होतं.

"माळ आता दरवर्षी बदलतोय," आत्याआजी म्हणाली. "पाणी आटतं, बिळाशेजारी यंत्रं येतात. हे संप्रेरकच खोकडाला सांगतं, हे बीळ सोड, दुसरं शोध. यंदा दिवस वाईट आहेत, पिल्लांचं पुढच्या साली बघू. पण धोका कधी संपलाच नाही, तर ते उतरत नाही, आणि मग अंग आतून पोखरतं. हाळीलाही विसावा लागतो. तेवढा विसावा या माळावर उरलाय का, ते मला ठाऊक नाही. खोटं कशाला सांगू?"

केतकी पिंजऱ्यापाशी गेली. बुजऱ्या कोपऱ्यात कान टवकारून बसला होता.

"औषध नको," ती म्हणाली. "सोडूया."

तिन्हीसांजेला त्यांनी दार उघडलं. या वेळी मीठ-मोहरी नव्हती, दूध-भाकरी नव्हती. बुजऱ्या बाणासारखा सुटला. त्याने मागे वळून पाहिलं नाही.

मग वाट बघणं आलं. उन्हाची लाट आली, विहिरी खडखडीत कोरड्या पडल्या. शेणकिडा रोज रिकाम्या पोटी परतायचा आणि म्हणायचा, "नमुना नाही. कळावे." केतकी आता त्याच्यावर चिडत नसे.

पहिला पाऊस पडून गेल्यावर एका सकाळी तो नेहमीपेक्षा जोरात खुडखुडत आला. "नमुने मिळाले! एक सुकलेला, उन्हाच्या लाटेतला. दुसरा ताजा. ओळख पटली. बुजऱ्या. सुकलेल्यात कॉर्टिसॉल फार चढलेलं. ताज्यात उतरलेलं."

"उतरलं," आत्याआजी हळूच म्हणाली आणि तिने चष्मा काढला.

दोघी शेणकिड्यामागून गेल्या. सौरपट्ट्यांच्या शेवटच्या रांगेखाली, सावलीत, नवं बीळ उकरलेलं होतं. पट्ट्यांवरून ओघळलेल्या पाण्याने तिथे गवताची एक पट्टी उगवली होती. बिळाच्या तोंडाशी काळ्या टोकाची शेपटी दिसली.

केतकीच्या ओठांवर हाक आली. ती तिने गिळली. तेवढ्यात तिच्या पायाखाली काटकी मोडली. बुजऱ्याने मान वर केली, कान टवकारले, क्षणभर तिच्याकडे पाहिलं, आणि तिच्यापासून धूम पळत सुटला.

"पळाला!" केतकी म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती हसत होती. "आत्याआजी, तो मला घाबरला!"

परतताना आत्याआजी मध्येच थांबली. लुगड्याच्या काठाला एक कुसळ चिकटलं होतं. ते तिने काढलं नाही.